केस पिकले म्हणून मत पिकते का?

ब्रिटनमधील ‘यूगव्ह’ ही जनमत चाचण्या घेणारी संस्था सार्वत्रिक निवडणूक पार पडली की एक आकडा काढते. कितव्या वर्षानंतर मतदार डाव्या मजूर पक्षाऐवजी उजव्या हुजूर पक्षाकडे झुकण्याची शक्यता अधिक होते, हे तो आकडा सांगतो. २०१७ साली तो ४७ होता, डिसेंबर २०१९ मध्ये ३९ वर उतरला आणि जुलै २०२४ मध्ये थेट ६३ वर चढला. साडेचार वर्षांत कोणाचेही वय चोवीस वर्षांनी वाढत नाही. तेव्हा हा आकडा ‘वय’ या नावाखाली मोजला जात असला, तरी त्यात वयाखेरीज आणखी काहीतरी मिसळलेले आहे, हे उघड आहे. ते काय आणि किती, हे वेगळे काढण्यासाठी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी गेली साठ-सत्तर वर्षे बरीच डोकेफोड केली आहे.

तरुणपणी माणूस डावीकडे असतो आणि चाळिशी ओलांडून घर, मुले, कर्जाचे हप्ते मागे लागले की उजवीकडे सरकतो, हा समज आपल्याकडच्या चहाच्या टपरीपासून लंडनच्या क्लबांपर्यंत सगळीकडे आढळतो. आकडे मात्र त्याला नेहमी साथ देत नाहीत. १९८३ च्या ब्रिटिश निवडणुकीत १८ ते २४ वयोगटातील मतदारांमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाला सुमारे ४२ टक्के, तर मजूर पक्षाला ३३ टक्के मते मिळाल्याचे ‘मोरी’ या संस्थेच्या चाचण्यांत दिसले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या त्र्याहत्तर वर्षांच्या रोनाल्ड रेगन यांना तिशीच्या आतल्या मतदारांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी पसंती दिली. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत तर वयाचा प्रश्न जवळजवळ नव्हताच, कारण मतदानोत्तर चाचणीनुसार डावीकडच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर तरुणांमध्ये आणि ज्येष्ठांमध्येही अगदी थोड्या फरकाने पुढे होते. आठ वर्षांनी त्याच पक्षाच्या बराक ओबामा यांना तिशीच्या आतल्यांची ६६ टक्के आणि पासष्टीच्या पुढच्यांची ४५ टक्के मते मिळाली, आणि आज आपण गृहीत धरतो ती पिढ्यांमधली दरी तिथून रुंदावत गेली. म्हणजे जी गोष्ट सनातन वाटते, तिचे आजचे रूप जेमतेम दोन दशकांचे आहे.

त्याआधी ब्रिटनमध्ये मत ठरवणारी गोष्ट होती ती वर्ग. पीटर पुल्झर या अभ्यासकाने १९६७ साली लिहून ठेवले, की ब्रिटिश पक्षीय राजकारणाचा पाया वर्ग हाच असून बाकी सारी नक्षी आहे. कामगार मजूर पक्षाचा आणि पांढरपेशा हुजूर पक्षाचा, हे समीकरण ढोबळ असले तरी चालत होते. त्याच काळात ऑक्सफर्डचे डेव्हिड बटलर आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून आलेले डोनाल्ड स्टोक्स यांनी ब्रिटिश मतदारांच्या पद्धतशीर मुलाखतींना सुरुवात केली. वृद्ध मतदार हुजूर पक्षाकडे अधिक झुकलेले दिसतात, हे त्यांनाही आढळले. पण त्यांनी त्याचे कारण वृद्धत्वात शोधले नाही. त्या वृद्धांचे बालपण ज्या घरांत गेले, तिथे वडीलधाऱ्यांसमोर हुजूर आणि लिबरल हे दोनच खरे पर्याय होते. मजूर पक्षाचे पहिले सरकार १९२४ साली आले, तोवर या मंडळींची राजकीय मुंज होऊन गेली होती. पक्षनिष्ठा बहुतांशी आईवडिलांकडून येते, हे मान्य केले, तर ज्या पक्षाचा जन्मच उशिरा झाला त्याला म्हाताऱ्यांमध्ये वारसदार कमी मिळणार, हे ओघाने आलेच.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती संख्याशास्त्राची आहे. स्वयंपाकघरात लोणच्याच्या चार बरण्या ओळीने मांडल्या आहेत, प्रत्येक बरणी वेगळ्या वर्षी घातलेली. आज चाखून पाहिले तर चारींची चव निराळी लागते. हा फरक लोणचे किती मुरले त्यामुळे पडला, त्या त्या वर्षीच्या कैरीमुळे पडला, की यंदाच्या दमट हवेने साऱ्याच बरण्यांवर काही परिणाम केला? मतदाराच्या बाबतीत मुरणे म्हणजे वय, कैरी म्हणजे पिढी आणि हवा म्हणजे काळ. वयाचा परिणाम प्रत्येक माणसावर तो त्या वयाला पोहोचला की होतो, पिढीचा परिणाम एका काळात जन्मलेल्यांना आयुष्यभर चिकटतो आणि काळाचा परिणाम एकाच वेळी सगळ्यांवर होतो. गोम अशी, की चालू सालातून जन्मसाल वजा केले की वय निघते. तिघांपैकी दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते, त्यामुळे नुसत्या आकडेमोडीने या तिघांचे वाटे वेगळे करता येत नाहीत. नमुना दहा हजारांचा घ्या वा दहा लाखांचा, बाहेरून काही गृहीतक आणल्याशिवाय गणित सुटत नाही. एकाच निवडणुकीच्या तक्त्यावरून ‘तरुण असे, वृद्ध तसे’ असे सांगणारे लेख म्हणूनच सावधपणे वाचावेत, हा लेखही त्याला अपवाद नाही.

यातून वाट काढण्याचा जुना आणि प्रामाणिक मार्ग म्हणजे त्याच माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा गाठणे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात १९३२ साली बेनिंग्टन नावाचे मुलींचे महाविद्यालय सुरू झाले. तिथे येणाऱ्या मुली बहुतेक सधन, रिपब्लिकन घरांतल्या होत्या, तर शिकवणारे तरुण आणि डेमोक्रॅटिक अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांचे समर्थक होते. थिओडोर न्यूकोम हे समाजमानसशास्त्रज्ञ तिथेच शिकवत होते. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी मुलींचा कल विचारला, तेव्हा रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन यांच्या बाजूने पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के, दुसऱ्या वर्षाच्या ४३ टक्के आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मिळून केवळ १५ टक्के मुली निघाल्या. घरून आणलेले मत वसतिगृहात तीन वर्षांत विरून जात होते. याच मुलींना १९६० च्या सुमारास आणि पुन्हा १९८४ साली, म्हणजे त्यांची साठी उलटल्यावर, गाठण्यात आले. लग्ने झाली होती, पैसा होता, नातवंडे होती. रूढ समजाप्रमाणे त्यांनी माहेरच्या पक्षात परतायला हवे होते, पण बहुसंख्य जणी महाविद्यालयात जिथे पोहोचल्या होत्या तिथेच राहिल्या. न्यूकोम यांचे स्पष्टीकरण साधे होते: त्यांनी पुढे मित्रमैत्रिणी आणि नवरेही त्याच विचारांचे निवडले आणि ती सोबत त्यांचे मत जपत राहिली. एका महागड्या महाविद्यालयातल्या मुलींवरून साऱ्या देशाविषयी बोलता येत नाही, हे खरे. तरी वयाबरोबर मत सरकतेच, या दाव्याला इतका ठसठशीत अपवाद दुसरा सापडणे अवघड.

विसाव्या वर्षाच्या आसपासचे अनुभव जन्मभर पुरतात, ही कल्पना कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच मांडली होती. अलीकडे येअर गिट्झा, अँड्र्यू गेलमन आणि जोनाथन ऑअरबाख यांनी तिला आकड्यांचे रूप दिले. अमेरिकी अध्यक्षांची लोकप्रियता दशकानुदशके कशी वरखाली झाली, याच्या नोंदी त्यांनी मतदारांच्या जन्मसालांशी जोडल्या. साधारण चौदा ते चोवीस या वयात जो अध्यक्ष लोकप्रिय असतो, त्याच्या पक्षाकडे ती पिढी कायमची थोडी झुकते आणि अठराव्या वर्षाच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींचे वजन चाळिशीत घडलेल्या गोष्टींच्या कितीतरी पट असते, असे त्यांना दिसले. हा नमुना गोऱ्या मतदारांना जितका चपखल बसतो तितका कृष्णवर्णीयांना बसत नाही, कारण त्यांची डेमोक्रॅटिक पक्षाशी असलेली बांधिलकी नागरी हक्कांच्या लढ्यातून आली आहे आणि ती पिढ्यांच्या सीमा ओलांडून जाते. किंबहुना २००८ नंतर अमेरिकेत जी दरी दिसली, तिचा काही भाग वयाचा नसून वंशाचा आहे, कारण तिथली तरुण पिढी वृद्धांच्या मानाने कमी गोरी आहे.

ब्रिटनमध्ये वंशापेक्षा घर हा मुद्दा अधिक बोलका आहे, असे मला वाटते. थॅचर सरकारच्या १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतील भाडेकरूंना ती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला आणि अनेक कामगार कुटुंबे मालक झाली. मालकीच्या दाराशी येणारा माणूस हुजूर पक्षाच्या दाराशीही येतो, हे गणित त्यामागे होते. ते दार पुढे अरुंद होत गेले. इंग्लंडमधील २५ ते ३४ वयोगटात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण २००३-०४ मध्ये ५९ टक्के होते, ते बारा वर्षांत ३८ टक्क्यांवर घसरले. जोडीला शिक्षण महागले. २०१० च्या निवडणुकीआधी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यापीठाची फी वाढू देणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या, मग हुजूर पक्षासोबत सत्तेत बसून २०१२ पासून फीची मर्यादा वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत नेली आणि २०१५ मध्ये ५७ जागांवरून ८ जागांवर आपटले. त्यावर २०१६ चे सार्वमत आले. त्यात पंचविशीच्या आतल्या सुमारे ७१ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने, तर पासष्टीच्या पुढच्या सुमारे ६४ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. अठरा वर्षे पूर्ण होताच फीचे कर्ज, पंचविशीत भाड्याची खोली आणि आजीआजोबांनी ठरवलेले देशाचे भवितव्य, अशा क्रमाने ज्यांचे तारुण्य सरले, ते पस्तिशीकडे सरकताना हुजूर पक्षाकडे वळले नाहीत, याचे नवल वाटू नये. ‘फायनान्शिअल टाइम्स’चे जॉन बर्न-मर्डॉक यांनी २०२२ च्या अखेरीस दाखवून दिले, की आधीच्या पिढ्यांप्रमाणे पस्तिशीला या पिढीचा कल राष्ट्रीय सरासरीपेक्षा पाचेक टक्क्यांनी कमी उजवा असायला हवा होता, तो प्रत्यक्षात पंधरा टक्क्यांच्या घरात कमी निघाला.

हे नकाशावरही दिसते. केंट परगण्यातील कँटरबरी हा मतदारसंघ शतकभर हुजूर पक्षाचा बालेकिल्ला होता. तिथल्या विद्यापीठांमुळे शहर तरुण होत गेले आणि २०१७ मध्ये मजूर पक्षाने तो १८७ मतांनी जिंकला. उलट, डरॅम परगण्याच्या खाणपट्ट्यातल्या बिशप ऑकलंडमधून तरुण मुले कामधंद्यासाठी बाहेर पडली आणि १८८५ मध्ये हा मतदारसंघ स्थापन झाल्यापासून प्रथमच, २०१९ मध्ये, तिथे हुजूर पक्षाचा खासदार निवडून आला. २०२४ मध्ये तो पुन्हा मजूर पक्षाकडे गेला, पण त्या वेळी हुजूर पक्ष सगळीकडेच कोसळला होता. लोणच्याच्या भाषेत सांगायचे, तर तो हवेचा परिणाम होता. सत्तरीच्या पुढच्यांमध्ये त्या पक्षाला तेव्हाही ४६ टक्के मते होती, आणि अठरा ते चोवीस वयोगटात मजूर पक्षाखालोखाल हरित पक्षाला १८ टक्के मते मिळाली होती.

मोजमापातले खाचखळगेही लक्षात घ्यायला हवेत. २०१७ मध्ये तरुण मतदारांची लाट आली, असा इतका गवगवा झाला, की ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्यासाठी वापरला गेलेला ‘यूथक्वेक’ हा शब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला. पुढच्याच महिन्यात ‘ब्रिटिश इलेक्शन स्टडी’च्या अभ्यासकांनी घरोघरी घेतलेल्या मुलाखतींच्या आधारे जाहीर केले, की तरुणांचे मतदान तितके वाढल्याचा पुरावाच नाही. त्यावर टीकाकारांनी दाखवून दिले, की त्यांच्या नमुन्यात पंचविशीखालचे लोक इतके थोडे आहेत, की वाढ नाकारण्यासाठीही तो अपुरा आहे. याहून सूक्ष्म अडचण मृत्यूची आहे. दोन्ही देशांत गरीब माणसे श्रीमंतांपेक्षा लवकर मरतात. त्यामुळे ऐंशी वर्षांच्या मतदारांचा गट हा मूळ पिढीचा नुसता म्हातारा झालेला गट नसतो, तर तिच्यातला तगून राहिलेला, तुलनेने सुस्थितीतला भाग असतो. तो अधिक उजवा दिसला, तर त्यात कोणाचेही मत बदललेले असायलाच हवे असे नाही.

आपल्याशी थेट संबंध असलेली एक बाबही इथे नोंदवण्यासारखी आहे. राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असतील, तर त्यांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येते, म्हणून पुण्याहून नोकरीसाठी लंडनजवळच्या स्लाव शहरात गेलेला भारतीय पारपत्रधारकही तिथला मतदार होतो. अमेरिकेत तसे नाही, तिथे नागरिकत्व घ्यावे लागते. या मतदाराचे चौदा ते चोवीस हे वय महाराष्ट्रातल्या निवडणुका पाहण्यात गेलेले असते. मजूर-हुजूर यांपैकी कोणाचाच ठसा त्याच्यावर लहानपणी उमटलेला नसतो, आणि ब्रिटिश घरांतल्या पक्षनिष्ठेच्या वारशावर उभे असलेले नमुने त्याला फारसे लागू पडत नाहीत.

अमेरिकेत २०२४ मध्ये तरुणांनी सगळ्यांनाच चकवले. २०२० मध्ये तिशीच्या आतल्या ६० टक्के मतदारांनी जो बायडन यांना मत दिले होते. चार वर्षांनी कमला हॅरिस यांना एडिसन संस्थेच्या मतदानोत्तर चाचणीनुसार ५४ टक्के, तर असोसिएटेड प्रेसच्या सर्वेक्षणानुसार ५१ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. तरुण पुरुष तरुणींच्या मानाने डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे बरेच अधिक झुकले. ही नव्या पिढीची कायमची ओळख आहे, की महागाईने सगळ्याच सत्ताधाऱ्यांना दिलेला तडाखा आहे, हे एका निवडणुकीवरून ठरवता येणार नाही. एडिसनच्या चाचणीतल्या ज्येष्ठांच्या ओळीकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. पासष्टीच्या पुढच्या मतदारांत ट्रम्प आणि हॅरिस जवळपास बरोबरीत होते. ट्रम्प यांची सर्वांत मोठी आघाडी, ५४ विरुद्ध ४४ अशी, त्यांच्याहून धाकट्या, ४५ ते ६४ या वयोगटात होती. हे लोक १९६० ते १९७९ या काळात जन्मलेले. रेगन अध्यक्ष असताना त्यांच्यातली थोरली मंडळी विशीत होती आणि धाकटी शाळेत जात होती.