#मराठी लिहिलं आणि मशीनने वाचलं #मर

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की माझ्या फीडवर रानभाज्यांचे फोटो यायला लागतात, टाकळा, कुर्डू, शेवळं, आणि दरवर्षी मला एकच वाईट वाटतं. माणूस चिखलात उतरून कोवळा टाकळा खुडतो, नीट फोटो काढतो, भाजी कशी करायची तेही लिहितो आणि खाली हॅशटॅग लावतो #फूड #लव्ह #नेचर. आता पुढच्या वर्षी ज्याला टाकळा ओळखायचा कसा हे बघायचंय, त्याला ही पोस्ट सापडणार कशी?

हॅशटॅग म्हणजे सजावट नाही, तो पत्ता आहे. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, शब्द आणि पुढे पान नंबर, तसंच सगळं. अ‍ॅपकडे एक मोठी सूची असते, प्रत्येक हॅशटॅगपुढे तो वापरलेल्या पोस्टचे नंबर. तुम्ही हॅशटॅगवर टॅप केलं की मशीन सगळ्या पोस्ट वाचत बसत नाही, सूचीतली तेवढी एक ओळ उघडते. ही कल्पना कंपनीची नव्हती बरं का. २३ ऑगस्ट २००७ ला ख्रिस मेसिना नावाच्या एका युजरने ट्विटरवर सुचवलं की ग्रुपसाठी # हे चिन्ह वापरूया, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला वणवे पेटले तेव्हा लोकांनी एकच टॅग लावून कुठे आग आहे, कुठला रस्ता बंद आहे ते एकमेकांना कळवलं. ट्विटरने हॅशटॅगला लिंक दिली ती थेट २००९ मध्ये, म्हणजे लोक आधी आणि कंपनी नंतर.

मग चांगला टॅग कुठला? याचं उत्तर सोशल मीडियाच्या कितीतरी आधीचं आहे. १९७२ मध्ये केंब्रिजच्या संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं की जो शब्द जितक्या कमी कागदांत येतो तितकं शोधताना त्याचं वजन जास्त धरावं. आजही सर्च इंजिनच्या मुळाशी ही कल्पना आहे. हिशोब सोपा आहे. एखादा टॅग दर दोन पोस्टमागे एका पोस्टवर असेल तर तो फक्त १ बिट (माहिती मोजायचं एकक) माहिती देतो, शोधायच्या पोस्टचा ढीग निम्मा होतो, बस. तोच १,०२४ पोस्टमध्ये एकाच पोस्टवर असेल तर १० बिट, म्हणजे ढीग दहा वेळा निम्मा केल्यासारखा. #फूड आणि #टाकळा यात फरक आहे तो हा. पण अगदीच कोणी शोधणार नाही असा टॅग बनवूनही उपयोग नाही, सूचीत ओळ आहे पण ती उघडणारा कोणी नाही असं होतं.

आता आपल्या मराठीचं बघू, कारण खरी गंमत आणि खरी अडचण इथेच आहे. कॉम्प्युटरला 'मराठी' हा शब्द तीन अक्षरांचा दिसत नाही, पाच तुकड्यांचा दिसतो: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षर-चिन्हांना नंबर देणारी यादी, तिच्यात काना-वेलांटी हे 'अक्षर' या गटात नाहीत, ते 'चिन्ह' या वेगळ्या गटात आहेत, आणि प्रोग्रॅममध्ये हॅशटॅग शोधायचा नियम साधारण असा लिहितात की # नंतर जोवर अक्षरं, आकडे किंवा अंडरस्कोअर आहेत तोवर घे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला नेहमीचा नियम वापरून मी स्वतः हे करून बघितलं. #मराठी दिलं, तर म घेतला, र घेतला, काना आला आणि थांबला. हातात आलं #मर. स्क्रीनवर ते बघून मला खरंच धक्का बसला, आपल्या भाषेचं नाव अर्ध्यात तोडून हे उरावं! मोठ्या अ‍ॅप्सनी आता काना-मात्रांची सोय केलीय, पण कोणी नवीन वेबसाइट किंवा अ‍ॅप बनवत असाल तर देवनागरी शब्द टाकून एकदा तपासाच.

याहून छुपी अडचण म्हणजे आपला 'ऱ्य'. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो, एकात खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य, आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, आणि मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, मुद्दाम एक केले नाहीत तर दोन वेगळ्या ओळींत जातात. वर काही जण रफार देऊन 'शेतकर्यांसाठी' लिहितात तो तिसरा. म्हणून मोहीम चालवायची असेल तर ज्याने टॅग ठरवला त्याने तो ग्रुपवर पाठवावा आणि बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट करावा, कोणी हाताने टाइप करू नये.

विभक्तीचंही तसंच. इंग्रजीत पुणे हा शब्द वाक्यात कुठेही टाका, तो तसाच राहतो. आपल्याकडे पुणे, पुण्यात, पुण्याचा, पुण्याहून. वाक्यात #पुण्यात लिहिलं की ते #पुणे च्या ओळीत जात नाही. तेव्हा वाक्य आपलं मोकळेपणाने लिहायचं आणि टॅग शेवटी, मूळ रूपात.

मधे स्पेस दिली तर टॅग तिथेच संपतो हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून लोक सगळं चिकटवून लिहितात, #मराठीभाषागौरवदिन. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करता येतं, त्यामुळे अंध लोकांच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, शब्द सुटे वाचायला सोपं जातं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, म्हणून आपल्याकडे अंडरस्कोअर हवाच: #मराठी_भाषा_गौरव_दिन. फक्त एक लक्षात ठेवा, अंडरस्कोअर असलेला आणि नसलेला हे दोन वेगळे टॅग आहेत, तेव्हा कुठला ते आधी ठरवा.

ट्रेंडिंगबद्दल, म्हणजे आत्ता काय गाजतंय त्या यादीबद्दल, थोडंच सांगते. तिथे एकूण आकड्यापेक्षा अचानक आलेली उसळी मोजली जाते, म्हणून रोज लाखो वेळा लिहिला जाणारा टॅगही यादीत दिसत नाही आणि तासाभरात उसळलेला छोटा टॅग दिसतो. वर्षभर थोडं थोडं टाकण्यापेक्षा ठरवून एकाच वेळी टाकलं तर दिसण्याची शक्यता जास्त.

मी आता टाकळ्याच्या फोटोखाली तीनच टॅग लावते, #टाकळा #तरोटा #रानभाज्या. तरोटा मुद्दाम, कारण विदर्भात याच भाजीला तरोटा म्हणतात आणि तिकडचा माणूस टाकळा शोधणारच नाही. गेल्या पावसाळ्यात त्या टॅगवरून एक ताई आल्या, त्यांनी लिहिलं की आमच्याकडे आजी तरोट्याच्या बिया भाजून, कुटून त्याची कॉफी करायची, आणि सोबत त्या बियांचा फोटो होता, तपकिरी, चकचकीत, तळहातावर मावतील एवढ्या.