पियानोच्या प्लेटवरील आकड्यांचे पुनर्रेखन

पियानोच्या आत तारांचा ताण पेलणारी बिडाची ओतीव चौकट असते. कारागीर तिला ‘प्लेट’ म्हणतात. अशी अखंड ओतीव चौकट बनवण्याचे पेटंट बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये घेतले. आजच्या ८८ पट्ट्यांच्या पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. जुना पियानो नव्याने सजवताना प्लेट बाहेर काढून घासतात आणि सोनेरी रंगवतात. त्यात तिच्यावरचे आकडे पुसले जातात. ते होते तसे पुन्हा उमटवणे म्हणजे पुनर्रेखन.

हे आकडे शोभेचे नसतात. वाद्याच्या अनुक्रमांकावरून त्याचे निर्मितिवर्ष काढता येते, तर सुरांचे क्रमांक कोणत्या सुराच्या तारा कुठे, ते दाखवतात. सर्वांत मोलाचे म्हणजे तारेच्या जाडीचे नंबर. १३ नंबरची तार सुमारे ०.७९ मिमी, १६ नंबरची ०.९४ मिमी, दर नंबरामागे जाडी साधारण ०.०५ मिमीने वाढते. १६ च्या शेजारचा बारीकसा ‘½’ घासताना सर्वांत आधी जातो. तो परत लिहायचा राहिला, तर पुढे तारा चढवणारा कारागीर तेवढ्या सुरांना बारीक तार लावतो. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने फरक सुमारे ५ टक्क्यांचा पडतो आणि तो कानाला जाणवतो.

म्हणून घासण्याआधीची नोंद हेच अर्धे काम. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावेत, ट्रेसिंग पेपरवर आकडे उतरवावेत आणि जवळच्या खुंटीच्या छिद्रापासून प्रत्येकाचे अंतर लिहून ठेवावे. काढलेल्या तारा मायक्रोमीटरने मोजाव्यात. मधल्या काळात कोणी वेगळ्या जाडीच्या तारा चढवलेल्या असू शकतात. तसे आढळल्यास वहीत दोन्ही आकडे लिहावेत, प्लेटवर मात्र मूळचाच. अनुक्रमांक अस्पष्ट असेल तर पहिल्या पट्टीच्या लाकडावर पाहावे, बऱ्याच वाद्यांत तो तिथेही ठोकलेला असतो. अंदाजाने अंक भरणे म्हणजे वाद्याची ओळख खोटी करणे.

खरी मेख थरांच्या क्रमात आहे. ब्राँझ पावडरीचा सोनेरी थर खरखरीत असतो. त्यावर थेट शिक्का मारला तर शाई कणांमधून पसरते आणि ८ चा ठिपका होतो. डिकॅल, म्हणजे चिकटवायचा छापील आकडा, लावला तर खाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतो. म्हणून सोनेरीवर आधी पारदर्शक लॅकरचा एक पातळ, चकचकीत थर द्यावा, तो वाळल्यावर आकडे उमटवावेत आणि वर पुन्हा लॅकर फवारावे. हा वरचा पहिला हात धुक्यासारखा हलका हवा. एकदम ओला हात मारला की थिनर शाई विरघळवतो, डिकॅल सुरकुततो. टाकाऊ पत्र्यावर हेच सगळे थर देऊन आधी चाचणी घ्यावी.

ओतीव पृष्ठभाग सपाट नसतो, त्यामुळे रबरी शिक्का सरळ दाबू नये; एका कडेकडून दुसरीकडे लोळवत न्यावा. अंकांचे वळण मूळ छापाशी जुळायला हवे, विशेषतः ४ चे उघडे किंवा बंद डोके आणि ६-९ च्या शेपट्या.

ओतकामातच उठावलेल्या अक्षरांचा आणि अंकांचा क्रम उलटा. त्यांना तैलरंगाचा काळा इनॅमल लागतो आणि त्यावर लॅकर मारले की तो फुगतो. म्हणून ही रंगाई शेवटच्या लॅकरनंतरच करावी. लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या कापडाला मिनरल टर्पेंटाइन जेमतेम ओले करून सांडलेला रंग टिपावा. पक्के वाळलेले लॅकर त्याने विरघळत नाही.

मुंबई-गोव्याच्या पावसाळी हवेत लॅकर वाळताना ओलावा धरते आणि पांढुरके होते. काळ्या आकड्यांवर ही झाक लगेच दिसते. कोरड्या दिवसाची वाट पाहावी, नाहीतर हळू उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर, मिसळावा. तारा चढवण्याआधी लॅकर पूर्ण कडक होऊ द्यावे. ते मऊ असताना तारेचे टोक घासले, तर वरच्या थरासोबत आकडाही निघतो.