चेकलिस्ट राहिली, की वाचूनही दिसलं नाही?

उलव्यात विमानतळ आल्यापासून खारघर-पनवेलकडच्या गप्पांत विमानांचा विषय जरा जास्तच निघतो. त्यात २०१८ चं मुंबई-जयपूर विमान हमखास येतं. केबिनमध्ये हवेचा दाब राखणारा ब्लीड स्विच लावायचा राहिला, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. "पायलट विसरला" म्हटलं की चर्चा संपते. ती तिथे संपू नये असं मला मनापासून वाटतं. कारण अशा चुका बाहेरून सारख्या दिसल्या तरी दोन वेगळ्या जातींच्या असतात: तपासणीच राहून जाते, किंवा तपासणी होते आणि तरी चूक दिसत नाही.

अमेरिकेतले दोन अपघात शेजारी ठेवून बघा.

१६ ऑगस्ट १९८७, डेट्रॉइट. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एमडी-८२ विमान. धावपट्टी बदलली, धावपट्टीकडे जमिनीवरून जाताना, म्हणजे टॅक्सी करताना, वळण चुकलं आणि या गडबडीत टॅक्सी चेकलिस्ट वाचलीच गेली नाही. पंखांचे फ्लॅप, म्हणजे उड्डाणाच्या वेळी बाहेर काढून पंखांची उचल वाढवणारे भाग, आतच राहिले. इशारा देणाऱ्या यंत्रणेला वीज मिळत नव्हती, त्यामुळे भोंगाही वाजला नाही. १५६ जण गेले. विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

३१ ऑगस्ट १९८८, डॅलस. डेल्टा एअरलाइन्सचं बोइंग ७२७. पुन्हा फ्लॅपच, पण इथे चेकलिस्ट वाचली होती. "फ्लॅप्स" असं विचारल्यावर को-पायलटने ठरलेलं उत्तर दिलं: "फिफ्टीन, फिफ्टीन, ग्रीन लाइट." म्हणजे फ्लॅपचे काटे पंधरावर, दिवा हिरवा. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर ते आहे. फ्लॅप मात्र बाहेर आलेच नव्हते. १४ जणांचा जीव गेला.

घरून निघताना "गॅस बंद केलास का?" याला चपला घालता घालता "हो" म्हणतो, तसंच हे. माणूस खोटं बोलत नसतो. रोज फ्लॅपचा काटा तिथेच असतो, म्हणून डोळे पोचायच्या आधी उत्तर तोंडात येतं.

उपायही म्हणूनच वेगळे. पहिल्या जातीवर शिस्त लागू पडते: मध्ये कोणी बोलावलं, सूचना बदलली, तर चेकलिस्ट पुन्हा पहिल्यापासून. दुसरीवर नुसती शिस्त पुरत नाही. यादी लांबवली तर ती आणखी पाठांतरासारखी म्हटली जाते. तिथे फ्लॅपच्या लिव्हरला हात लावून, काटा वाचून उत्तर द्यावं लागतं आणि दुसऱ्याने तो स्वतंत्रपणे बघावा लागतो.

दुसऱ्या जातीचं आणखी एक उदाहरण: ऑगस्ट २००५ मध्ये ग्रीसमध्ये कोसळलेल्या हेलिऑस एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये देखभालीनंतर केबिनमधल्या हवेच्या दाबाचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर राहिला होता. उड्डाणाआधी आणि नंतर मिळून तीनदा तो लक्षात यायला हवा होता, तिन्ही वेळा निसटला. १२१ मृत्यू.

सगळी प्रकरणं इतकी सरळ विभागता येत नाहीत. ब्रिस्बेनला गांधीलमाश्या विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत घरं करतात, म्हणून उभ्या विमानाच्या नळ्यांवर कव्हरं घालतात. जुलै २०१८ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एअरबस ए३३० ती कव्हरं तशीच ठेवून उडालं. कव्हरांना लाल पट्ट्या लोंबत असतात, तरी. वेग कळेना, पण वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं. इथे उड्डाणाआधी तपासणीसाठी विमानाभोवती फेरी मारली गेली होती. त्यामुळे "फेरी झाली का?" हा प्रश्न अपुरा आहे. मान वर करून त्या नळ्या पाहिल्या का, हे विचारायला हवं.