टर्बोचार्जर जेट इंजिन

टर्बोचार्जर जेट इंजिन : ट्रकच्या डिझेल इंजिनावरील टर्बोचार्जरला (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या यंत्राला, थोडक्यात टर्बोला) वेगळा ज्वलनकक्ष जोडून केलेले छोटे जेट इंजिन. अभियांत्रिकी महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे प्रकल्प आणि हौशी कार्यशाळा हे त्याचे मुख्य घर. संपीडक (हवा दाबणारे चाक), टर्बाइन (गरम वायूने फिरणारे चाक) आणि त्यांना जोडणारा शाफ्ट हे जेट इंजिनातले सर्वांत अवघड भाग टर्बोत बॅलन्स होऊन तयार मिळतात. करायचे उरतात ज्वलनकक्ष, तेल आणि इंधन. प्रकल्प फसतो तोही बहुधा या तिघांपैकी एकात. टर्बोला उगाच बोल लावला जातो.

टर्बोचार्जरचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याचे, १९०५ मधले. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटलने जेट इंजिनाचे पेटंट १९३० मध्ये मागितले आणि १२ एप्रिल १९३७ रोजी पहिले इंजिन चालवले. त्याचा संपीडकही टर्बोसारखाच अपकेंद्री, म्हणजे हवा मधून घेऊन कडेला फेकणारा होता. त्या चाचणीत इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही इंजिन वेग घेतच राहिले, कारण आधी गळून कक्षात साचलेले इंधन जळत होते. रॉकेल किंवा डिझेलवर चालणाऱ्या आजच्या प्रकल्पांतही हाच दोष दिसतो. म्हणून कक्षाच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा नळ हवा, आणि पेटवण्यापूर्वी तो उघडून पाहायला हवा.

जुना टर्बो घेताना शाफ्ट बोटाने हलवून पाहतात. तो आडवा किंचित हलला तर बिघडत नाही. शाफ्टला धरणारे बुश (बेअरिंग) तेलावर तरंगणारे असल्याने तेवढी सैल हालचाल असतेच. पुढे-मागे हालचाल बोटाला जाणवली, किंवा चाकाची पाती घराला (बाहेरच्या कवचाला) घासल्याची खूण दिसली, तर तो टर्बो घेऊ नये. टर्बाइनभोवती कोन बदलणारी हलती पाती असलेला टर्बो टाळावा. वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून वायू सोडणारी झडप) असेल तर ते वेल्ड करून कायमचे बंद करावे.

इंड्यूसर, म्हणजे संपीडकाच्या चाकाचे हवा घेणारे तोंड, ५० मिमी असेल तर असा टर्बो सेकंदाला साधारण ०.२ किलो हवा ओढतो. दाब दुप्पट करायचा आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३० अंश सेल्सिअसची हवा १२५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. एवढ्यासाठी लागणारी शक्ती १९ किलोवॉट, म्हणजे जवळजवळ २५ अश्वशक्ती. ती सगळी टर्बाइनच पुरवते आणि शाफ्ट मिनिटाला ८० ते ९० हजार फेरे घेतो. टर्बाइनच्या तोंडाशी ६५० अंश ठेवायचे तर सेकंदाला अडीच ग्रॅम एलपीजी पुरतो. हवा आणि इंधन यांचे प्रमाण मग ८० ला १ होते. एलपीजी नीट जळतो तो १५-१६ ला १ च्या आसपास. ८० ला १ हे मिश्रण पेटतच नाही.

ज्वलनकक्षात भोकांची आतली नळी लागते ती याचसाठी. थोड्या हवेत ज्योत जगवायची आणि उरलेली हवा नंतर मिसळून वायू थंड करायचा, हे तिचे काम. हौशी कारागिरांत रूढ असलेला ठोकताळा असा : नळीचा व्यास इंड्यूसरच्या दुप्पट, लांबी सहापट, सर्व भोकांचे मिळून क्षेत्रफळ इंड्यूसरच्या तोंडाइतके. ५० मिमीच्या इंड्यूसरला १०० मिमी व्यासाची, ३०० मिमी लांबीची नळी आणि सुमारे १,९६० चौ. मिमी भोके लागतात. बर्नरजवळच्या पट्ट्यात ३० टक्के (६ मिमीची २१ भोके), मधल्या पट्ट्यात २० टक्के (८ मिमीची ८), टर्बाइनकडच्या टोकाला उरलेली निम्मी (१४ मिमीची ६) अशी वाटणी चालते. बाहेरचे आवरण ६ इंची पाइपचे, आतली नळी दीड मिमी स्टेनलेस स्टीलची.

नळी दोन्ही टोकांना वेल्ड करणे ही नेहमीची चूक. ३०० मिमीची स्टेनलेस नळी ७०० अंशांनी तापली की जवळजवळ ४ मिमी वाढते. तिला सरकायला जागा नसेल तर ती पोटात फुगते किंवा वेल्ड तडकते, आणि तुटलेला कपचा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो. एक टोक खाचेत सैल बसवले की काम भागते.

कक्षातली दाबाची हानी मोजणारे फार थोडे. खरे तर थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर, त्याच हानीवर ठरतो. वरच्या उदाहरणात टर्बाइनची कार्यक्षमताही ७० टक्के धरली, तर ५ टक्के हानीला सुमारे ४२ न्यूटन, म्हणजे चार-सव्वाचार किलो थ्रस्ट मिळतो. हानी १० टक्क्यांवर गेली की तो २७ न्यूटनवर उतरतो. भोके लहान पाडली, फ्लँजमधले गॅसकेट आत डोकावले किंवा जोडपाइप काटकोनात वळवला, तर तिसरा हिस्सा असा निघून जातो. आवरणात एक आणि नळीत एक अशी दोन प्रेशर गेज लावली की हा फरक डोळ्यांना दिसतो.

तेलाचा पंप वेगळा, विजेवर चालणारा असावा. दाब २ ते ४ बार. आत जाणारी नळी बारीक चालते. परतीची मात्र किमान पाऊण इंची, सरळ खाली उतरणारी, टाकीतल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. बेअरिंगमधून फेस झालेले तेल फक्त वजनाने खाली येते; वाटेत वाक आला की ते तुंबते. टर्बोला रबरी ऑइल सील नसते, पिस्टन रिंगसारखी कडी असते. घरातल्या हवेचा दाब असेपर्यंतच ती तेल अडवते. चाक थांबलेले असताना पंप सुरू केला तर तेल टर्बाइनच्या घरात उतरते आणि पेटताना पांढरा धूर व ज्वाळा देते. म्हणून आधी ब्लोअर (सुरुवातीला हवा फुंकून चाक फिरवणारा पंखा), चाक फिरू लागले की लगेच पंप.

एलपीजीवर सुरुवात सोपी, पण स्वयंपाकघरातला रेग्युलेटर इथे कामाचा नाही. तो ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो आणि कक्षात १ बार भरलेला असतो. गॅस आत शिरणारच नाही. दाब बदलता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर लागतो. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा, घरगुती १४.२ किलोचा अशा कामाला वापरण्यास कायद्याने बंदी आहे. अडीच ग्रॅमचा हिशेब तासाला ९ किलोवर जातो. एवढा गॅस उकळून निघताना सिलिंडर स्वतः गारठतो, अंगावर दव आणि मग बर्फ धरतो, आतला दाब पडतो आणि इंजिन दमते. मुले बर्नर उकलून बसतात आणि दोष सिलिंडरचा असतो. दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडणे किंवा कोमट पाण्याच्या टपात उभे करणे हा उपाय. ज्योत दाखवणे कदापि नाही.

पेटवण्यापूर्वी १५-२० सेकंद नुसती हवा सोडून कक्ष धुऊन काढतात. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो; त्यामुळे जागा उघडी, खड्डा किंवा गटार नसलेली हवी. आधी स्पार्क, मग थोडा गॅस, ज्योत धरल्याचा आवाज, मग हळूहळू वाढ. ब्लोअरशिवाय फेरे टिकू लागले की इंजिन स्वतःच्या बळावर आले. त्याआधी घाईने गॅस वाढवला तर हवा कमी आणि आग जास्त होते. टर्बाइनच्या मागून ज्वाळा येतात आणि तापमान काही सेकंदांत ८०० पार जाते. अशा वेळी गॅस तोडायचा, ब्लोअर चालूच ठेवायचा. टर्बाइनच्या तोंडाशी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) असल्याशिवाय पेटवूच नये.

धक्-धक् असा ठोका येऊ लागला तर तो सर्ज : मागचे नोझल (वायू बाहेर पडण्याचे तोंड) फार लहान आहे आणि हवा संपीडकातून उलटी फिरते आहे. नोझल दोन-तीन मिमीने मोठे करून पाहतात. संपीडकाच्या तोंडाला घट्ट जाळी हवी. सुटा नट आत गेला तर चाक संपलेच. चाके ज्या प्रतलात फिरतात त्या रेषेत कोणी उभे राहू नये, कारण फुटलेले पाते त्याच दिशेने निघते. आफ्टरबर्नरचा (टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन जाळण्याचा) मोह पहिल्या इंजिनाला नको. आवाज आणि ज्वाळा भरपूर, मोजण्यासारखे थोडे.

बंद करताना क्रम उलटा नाही. आधी गॅस, तो एका झटक्यात बंद होणाऱ्या बॉल व्हॉल्व्हने. लगेच ब्लोअर पुन्हा सुरू, तेल चालूच. टर्बाइनचे घर १०० अंशांखाली आले की पंप आणि पाठोपाठ ब्लोअर थांबवतात. पंप लवकर थांबवला तर लालबुंद चाकाची उष्णता शाफ्टमधून बेअरिंगमध्ये शिरते, तिथले तेल जळून कोळसा होते आणि पुढच्या वेळी शाफ्ट हाताने फिरवला की करकर लागते.