इंग्रजी शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी : आमच्याकडून काय घ्यायचं आणि काय नाही

नमस्कार. जूनमध्ये शाळा उघडल्या की नाशिकच्या अशोक स्तंभाजवळच्या आमच्या छोट्या दुकानात इंग्रजीचे शिक्षक यायला लागतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काहीतरी रेडीमेड द्या ना". रेडीमेड आहे आमच्याकडे, फ्लॅशकार्ड आहेत, चार्ट आहेत, तुमचं वर्कशीट टाइप करून लॅमिनेट करून मिळतं, महिन्यातून एका रविवारी वरच्या खोलीत शिक्षकांची बैठक पण असते. पण पैसे काढायच्या आधी हे पत्रक वाचून घ्या, कारण बरंच काही फुकट मिळतं आणि जे फुकट मिळतं त्याचे पैसे तुम्ही आम्हाला द्यावेत असं आम्हाला अजिबात वाटत नाही.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं, दीक्षा २०१७ पासून आहे पण कोड एकदाही स्कॅन न केलेले शिक्षक अजून भेटतात, तर आधी ते करा. ब्रिटिश कौन्सिलची टीचिंग इंग्लिश ही साइट आहे, त्यावर तयार तासिका आहेत, वयोगटाप्रमाणे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं इंग्लिश टीचिंग फोरम हे नियतकालिक १९६२ पासूनचं, त्याचे जुने अंक खजिना आहेत, एकेका लेखातून आठवडाभराचं काम निघतं. (बालभारतीचं अख्खं पुस्तक झेरॉक्स करून द्या असं मात्र सांगू नका, ते आम्ही करत नाही.)

मग आमचं काम काय, तर हे सगळं साहित्य कुठल्या तरी दुसऱ्याच गावातल्या मुलांसाठी लिहिलेलं असतं आणि ते आपल्या वर्गात बसवावं लागतं. उदाहरण देतो, आमचा सगळ्यात जास्त जाणारा सेट बसच्या वेळापत्रकाचा आहे. जोडीतल्या एका मुलाकडे सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकच्या गाड्यांच्या वेळा, दुसऱ्याकडे येवला, मालेगाव, इगतपुरीच्या, आणि प्रत्येकाच्या कार्डावर अर्धे रकाने रिकामे. एकमेकांचं कार्ड बघायचं नाही, विचारूनच भरायचं, "व्हॉट टाइम डज द सिन्नर बस लीव्ह?" मुलांना खरंच माहिती हवी असते म्हणून ती विचारतात, आणि ते डज दहा वेळा तोंडातून गेलं की फळ्यावर नियम लिहून जे बसत नाही ते बसतं. असाच एक सेट बाजारभावाचा आहे, कांदा, टोमॅटो, द्राक्षं, भाव मुलांनी घरून विचारून आणायचे. हे सेट घरी हाताने बनवता येतात, पुठ्ठा आणि स्केचपेन पुरतं, कसे बनवायचे ते दुकानात आलात तर दाखवू. विकत घ्यायचे ते फक्त टिकाऊ हवेत म्हणून.

अजून एक गोष्ट, जी नाशिक जिल्ह्यात फार महत्त्वाची आहे. पहिलीपासून इंग्रजी मराठी शाळांमध्ये २००० साली आली, म्हणजे आज शिकवणारे कितीतरी तरुण शिक्षक स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. पण कळवण-बागलाणकडच्या मुलाच्या घरी अहिराणी असते, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा समाजाची कोकणी (गोव्याकडची नव्हे), त्या मुलाला शाळेतली मराठीच नवी असते आणि इंग्रजी तिच्यावर तिसरी. अशा वर्गात "ओन्ली इंग्लिश" चा बोर्ड लावला की मुलं गप्प होतात. सूचना मुलांच्या बोलीत द्या, गोष्ट आधी त्यांच्या भाषेत सांगा, मग इंग्रजीत, काही बिघडत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा वर्गातल्या अनेक भाषांकडे अडचण म्हणून नाही तर साधन म्हणून बघितलंय. म्हणूनच आमच्या चित्रकार्डांची मागची बाजू कोरी ठेवलीय, तिथे तुमच्या मुलांचा शब्द तुम्ही लिहा.

आता ट्रेनिंगचं. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलंय, आणि ते तास कुठे तरी खुर्चीत बसून भरून टाकायचे की त्यातून तुमचा वर्ग बदलायचा हे शेवटी तुमच्यावर आहे. आमचं मत स्पष्ट आहे की सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ट्रेनिंग तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. एका तासिकेची दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करा आणि घरी एकट्याने ऐका, तुम्ही किती बोललात, मुलं किती, आणि प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबलात. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात आणि हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांब होतात, गप्प मुलं बोलायला लागतात. परक्या भाषेत तर मुलाला वाक्य जुळवायलाच वेळ लागतो हो. तीन सेकंद शांत राहणं वाटतं तितकं सोपं नाही, पण करून बघा.

रविवारच्या बैठकीत आम्ही हेच करतो. कुणीतरी आपलं रेकॉर्डिंग किंवा वर्कशीट आणतं, बाकीचे ऐकतात, चूक काढायची नाही, फक्त "इथे मुलांनी काय केलं?" एवढंच विचारायचं. झेडपीचे सर, कॉन्व्हेंटच्या मॅडम, घरी क्लास घेणाऱ्या ताई, सगळे एकत्र बसतात. बोलणारा माणूस आम्ही बाहेरून आणत नाही. फी चहा आणि कागदापुरती.

सर्टिफिकेटबद्दल नीट समजून घ्या. आम्ही देतो तो कागद फक्त हजेरीचा आहे, त्याने पगारात काही फरक पडत नाही. वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांच्या नोकरीनंतर आणि निवड श्रेणी २४ वर्षांनंतर, त्यासाठीचं प्रशिक्षण सरकारचंच, एससीईआरटी म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून होतं, त्याची नोंदणी आणि काही शुल्क असेल तर ते त्यांच्या अधिकृत साइटवरच, मधल्या कुणी त्याच्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नका. ज्यांना खरंच पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी हैदराबादची ईफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ आहे, १९५८ साली सुरू झालेलं, इंग्रजी शिकवण्याचे पदव्युत्तर कोर्स तिथे दूरशिक्षणातूनही असतात. केंब्रिजची टीकेटी ही इंग्रजी शिक्षकांसाठीची परीक्षा २००५ पासून आहे, मुख्य तीन मोड्यूल, प्रत्येकी ८० प्रश्न आणि ८० मिनिटं, नापास कुणीच नाही, एक ते चार असे बँड मिळतात. सेल्टा हा केंब्रिजचाच मोठा कोर्स, साधारण १२० तासांचा, त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि खर्चही भरपूर, परदेशात किंवा मोठ्यांना शिकवायचं असेल तरच विचार करा, चौथीच्या वर्गासाठी तो नाही. फॉर्म भरण्याआधी कुठल्याही कोर्सची चालू फी आणि तारखा त्यांच्या अधिकृत साइटवरच बघा, एजंटवर जाऊ नका.

दुकान सकाळी दहा ते रात्री आठ, सोमवारी बंद. सीबीएस बसस्थानकावर उतरलात तर चालत येता येतं. लॅमिनेशनचं काम शनिवारी दुपारपर्यंत दिलंत तर रविवारच्या बैठकीला येताना घेऊन जाता येईल, आणि कार्डांचे रेट काउंटरवर लावलेत, शाळेच्या नावाने बिल हवं असेल तर आधी सांगा.