शिक्षकांची तयारी आणि प्रगत अभ्यासक्रमांतील यश

शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात महाविद्यालयीन तोडीचा आशय शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांना प्रगत अभ्यासक्रम म्हणतात. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून चालवत असलेला ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ हा त्यांतला सर्वांत परिचित. त्याची परीक्षा १ ते ५ अशा श्रेणीत मोजली जाते. या अभ्यासक्रमांत विद्यार्थी किती पुढे जातो, यात शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा आणि अनुभवाचा वाटा किती, हा शिक्षणसंशोधनातील जुना वादविषय आहे.

शिक्षकाला विषय पक्का येत असला पाहिजे, यावर दुमत नाही. तेवढ्याने भागते का, हा खरा प्रश्न. अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि अध्यापनकौशल्य यांच्या सांध्यावरील एका तिसऱ्या ज्ञानाकडे लक्ष वेधले : विशिष्ट आशय विशिष्ट विद्यार्थ्यांपर्यंत कसा पोचवावा याचे ज्ञान. कलनशास्त्रातील (कॅल्क्युलस) ‘सीमा’ (लिमिट) ही संकल्पना घ्या. फलन (फंक्शन) जिथे कधीच पोचत नाही ते मूल्य म्हणजे सीमा, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. व्याख्या पुन्हा सांगून हा समज जात नाही. तो येणार हे आधीच ठाऊक असलेला शिक्षक स्थिर, म्हणजे मूल्य कधीच न बदलणाऱ्या, फलनाचे उदाहरण पुढे करतो. तिथे फलनाचे मूल्य आणि सीमा सुरुवातीपासूनच एक असतात, आणि विद्यार्थ्याला आपली समजूत स्वतःच तपासावी लागते. गणितातली पदवी हे शिकवतेच असे नाही, आणि सर्व विषयांना सरसकट लागू होणारे अध्यापनशास्त्र तर नाहीच.

जर्मनीत दहावीच्या गणितशिक्षकांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून (बाउमर्ट आणि सहकारी) याला बळ मिळाले. निव्वळ गणितज्ञानापेक्षा हे अध्यापनविषयक आशयज्ञान विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी अधिक निगडित दिसले. मात्र विषयज्ञान कच्चे असेल, तर हे आशयज्ञानही फारसे वाढत नाही. त्याआधी १९९४ मध्ये शिक्षणाच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मंक यांना आढळले होते, की शिक्षकाने पदवीला घेतलेल्या गणिताच्या अभ्यासक्रमांचा फायदा होतो, पण पाचएक अभ्यासक्रमांनंतर तो ओसरतो. विषय कोणता हे न पाहता नुसती पदव्युत्तर पदवी मोजली, तर ती मात्र बहुतेक अभ्यासांत निष्प्रभ ठरते. तरीही अनेक ठिकाणी वेतनश्रेणी तिच्यावरही ठरते, हे चमत्कारिकच.

अनुभवाचा आलेख सुरुवातीच्या काही वर्षांत झपाट्याने चढतो. पुढे तो सपाट होतो, असे पूर्वी मानत. नंतरच्या संशोधनात सुधारणा पुढेही, पण मंदगतीने चालू राहिल्याचे दिसते. वर्षे मोजताना नेमके काय शिकवले हेही पाहावे लागते. प्राथमिक शिक्षकांवरील एका अभ्यासात (बेन ओस्ट, २०१४) तीच इयत्ता पुन्हा शिकवणाऱ्यांची सुधारणा अधिक वेगाने झाली. दरवर्षी विषय वा वर्ग बदलून मिळणाऱ्या शिक्षकाची सेवा कागदावर वाढते, पण एकाच वर्गाचा असा अनुभव तेवढा साठत नाही.

हे सारे आकडे जपून वाचावे लागतात. प्रगत वर्ग बहुधा ज्येष्ठ शिक्षकांकडे जातात आणि तिथे हुशार, तयारीची मुलेच नाव नोंदवतात. त्यामुळे चांगल्या निकालाचे श्रेय कोणाचे, हे सुटे करणे अवघड होते. टेक्सासमधील एका कार्यक्रमात शिक्षकांचे प्रशिक्षण, खालच्या इयत्तांपासूनची पूर्वतयारी आणि ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या शिक्षकांना रोख बक्षीस, हे सगळे एकत्रच दिले गेले. अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन यांच्या विश्लेषणानुसार त्यानंतर महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. त्यातला किती भाग प्रशिक्षणाचा आणि किती पैशाचा, हे त्या रचनेतून वेगळे काढता येत नाही.