फोटोत न मावणारा निवडुंग

हिरवा गोळा, दहा-बारा कंगोरे, कंगोऱ्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके. असा फोटो पाठवून "हा कुठला?" असं कोणी विचारलं, तर खात्रीने एवढंच सांगता येतं की तो कॅक्टसच आहे. कारण ते ठिपके, म्हणजे एरिओल, फक्त कॅक्टस कुळात असतात. काटे, फुटवे, फुलं तिथूनच निघतात. आपल्याकडे बांधाला लावतात तो चिकाचा निवडुंग काटेरी असला तरी एरंडाच्या कुळातला. त्याला एरिओल नसतात.

खरी पंचाईत पुढे आहे. तेच रोप उन्हात बुटकं आणि गच्च काट्यांचं होतं, खिडकीतल्या अर्ध्या उजेडात लांबुडकं आणि विरळ काट्यांचं. वयाबरोबर कंगोरेही वाढतात. म्हणजे फोटोत जातीपेक्षा रोपाची निगा किंवा आबाळच जास्त दिसते. पक्की खूण बहुतेकदा फुलात असते. अशा गोल कॅक्टसचे एकिनोप्सिस आणि जिम्नोकॅलिसियम हे दोन गट घ्या: फुलाच्या नळीवर लोकर असेल तर एकिनोप्सिस, नुसते गुळगुळीत खवले असतील तर जिम्नोकॅलिसियम. आणि लोक फोटो पाठवतात ते फूल नसताना!

त्यात संकरांची भर. ब्राझीलमधल्या श्लुम्बर्गेरा या कॅक्टसच्या दोन जाती घ्या. ट्रंकाटाच्या चपट्या पेरांना टोकदार दात असतात, फूल तिरकं, पराग पिवळे. रसेलियानाच्या कडा गोलसर, फूल सरळ, पराग गुलाबी. १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये या दोघांचा संकर झाला, तो बकलेयी: कडा गोलसर, पराग गुलाबी, पण फूल किंचित तिरकं. हे 'किंचित' समोरून काढलेल्या फोटोत कुठून दिसणार? नर्सरीतल्या एकिनोप्सिसमध्ये तर संकरांचेही संकर झालेत. त्यांना जातीचं नाव चिकटवूच नये, 'एकिनोप्सिस संकर' म्हणून थांबावं, असं माझं मत.

जात ओळखण्याच्या बाबतीत किडे आपल्यापेक्षा चोखंदळ. १७९५ मध्ये लाल रंगासाठी ब्राझीलहून बंगालमध्ये कोचिनियल किडा आणला गेला. तो निघाला भलत्याच जातीचा. रंग हलक्या प्रतीचा मिळाला, पण ओपन्शिया मोनाकँथा या फड्या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला. तशाच चपट्या पेरांच्या, तशाच पिवळ्या फुलांच्या ओपन्शिया डिलेनायवर मात्र तो पोसला जाईना. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनियलची दुसरी जात आणावी लागली.